वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : रुग्णालयांतील दिवस आणि घरचें पान

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचें नांव निघालें कीं आपल्या घरांतून दोन उद्गार हटकून ऐकूं येतात. "जिभेवर ताबा ठेवला असता तर ही पाळी कां आली असती?" हा पहिला, आणि "धडधाकट पोटावर सुरी कशाला चालवून घ्यावयाची?" हा दुसरा. गेल्या वर्षीं आमच्या थोरल्या वहिनींवर ही शस्त्रक्रिया झाली, तोंपर्यंत हे दोन्ही उद्गार आमच्याही घरांत निघत होते. रुग्णालयांतील त्या दिवसांत आम्हीं जें पाहिलें व डॉक्टरांकडून जें समजून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवावें, म्हणजे ज्या कुटुंबावर असा प्रसंग येईल त्याला आमच्यासारखें चांचपडावें लागणार नाहीं, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ही शस्त्रक्रिया कोणासाठीं?

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागलें असतां जो आंकडा येतो, त्यास प्रचारांत 'बीएमआय' म्हणतात. वहिनींची उंची १५५ सेंटिमीटर व वजन १०८ किलो. म्हणजे हा आंकडा जवळजवळ ४५. अमेरिकेंत १९९१ सालीं ठरलेल्या दंडकाप्रमाणें ४० च्या वर, किंवा मधुमेहासारखी व्याधि जडलेली असल्यास ३५ च्या वर, शस्त्रक्रियेचा विचार होत असे. २०२२ सालीं तज्ज्ञांच्या दोन प्रमुख संघटनांनीं ही मर्यादा खालीं आणली : सर्वांसाठीं ३५, आणि मधुमेहादि विकार असल्यास ३०. आशियांतील लोकांना तुलनेनें कमी वजनावरच मधुमेह गांठतो, म्हणून त्यांच्या बाबतींत २७.५ पासून विचार व्हावा असेंही त्यांनीं सुचविलें.

वहिनींना मधुमेह होऊन दहा वर्षें झालीं होतीं. झोपेंत श्वास अडकून त्या रात्रींतून अनेकदां दचकून उठत. दोन वेळां त्यांनीं कडक पथ्य करून वजन पुष्कळ उतरविलें, आणि दोन्ही वेळां तें व्याजासह परत आलें. आम्ही सर्वांनीं त्याचें खापर त्यांच्या जिभेवर फोडलें. डॉक्टरांनीं मात्र निराळें सांगितलें. वजन उतरूं लागलें कीं शरीर भूक वाढवितें व ऊर्जेचा खर्च आंखडतें. १९९९ सालीं शोध लागलेलें 'घ्रेलिन' नांवाचें भुकेचें संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागांत तयार होतें व उपासानंतर तें वाढतें. म्हणजे वहिनी ज्याच्याशीं झगडत होत्या तो केवळ हांवरटपणा नव्हता. हें ऐकतांना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि आमची मान खालीं गेली.

या शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यांत जठराचा सुमारें तीनचतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. यास 'स्लीव्ह' म्हणतात. दुसऱ्या, म्हणजे 'बायपास' या प्रकारांत जठराच्या वरच्या टोंकाशीं सुमारें ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आंतड्यास जोडतात. वहिनींसाठीं पहिला प्रकार ठरला.

दाखल होण्यापूर्वीं

रुग्णालयांत जाण्याच्या आधींच निम्मी तयारी व्हावी लागते. रक्ताच्या नानाविध तपासण्या, हृदयाचा आलेख, पोटाची सोनोग्राफी, दुर्बिणीनें जठराची पाहणी, झोपेची चांचणी, भूलतज्ज्ञांची भेट, आहारतज्ज्ञांची भेट, आणि मानसोपचारतज्ज्ञांचीही भेट. या शेवटच्या नांवानें घरांत कुजबूज झाली. परंतु रुग्णास पुढील आयुष्यांतील बदलाची पुरती कल्पना आहे कीं नाहीं, एवढेंच तेथें पाहतात. धूम्रपान असल्यास कित्येक आठवडे आधीं बंद करावें लागतें. शेवटचे दोन आठवडे अत्यल्प पिष्टाचा व भरपूर प्रथिनांचा आहार देतात. त्याचें कारण असें कीं लठ्ठपणांत यकृतावर चरबी सांठते व तें जठरावर आडवें येतें. या आहारानें तें आकसतें आणि शल्यविशारदास वाट मोकळी मिळते.

विम्याचे कागद आधींच वाचावे. विमा नियामक प्राधिकरणानें २०१९ सालीं घालून दिलेल्या नमुन्याप्रमाणें वय १८ किंवा अधिक, बीएमआय किमान ४०, अथवा गंभीर सहव्याधींसह किमान ३५, सौम्य उपाय निष्फळ झालेले, आणि डॉक्टरांचा सल्ला, अशा अटी असतात. संमति लेखी व आधीं मिळवावी.

शस्त्रक्रियेचा दिवस

आदल्या दिवशीं दाखल करून घेतलें. रात्रीपासून घन अन्न बंद. सकाळीं पायांत घट्ट मोजे चढविले व रक्त गोठूं नये म्हणून पोटाच्या कातडींत सुईही दिली. कारण या शस्त्रक्रियेनंतर पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसांत जाण्याचें भय असतें. स्ट्रेचरवरून नेत असतां वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, पाहुण्यांना पित्ताशयाचें म्हणून सांगूं नका हो. जें आहे तें सांगा. चोरी केल्यासारखें मला नको." आम्हीं आधल्याच संध्याकाळीं दोन ठिकाणीं तसें सांगितलें होतें, हें त्यांना कसें कळलें कोण जाणे!

पूर्ण भूल देऊन, पोट कार्बन डायऑक्साइड वायूनें फुगवून, चारपांच लहान छिद्रांतून दुर्बीण व अवजारें घालून हें काम करतात. त्यास एक ते दोन तास पुरतात. मात्र भूल देणें व त्यांतून जागें करणें धरून बाहेर बसणाऱ्यांनीं चारपांच तासांची मनाची तयारी ठेवावी. आमचे दादा त्या वेळांत किती वेळां घड्याळ पाहून उठले व बसले, तें सांगतां येणार नाहीं. या शस्त्रक्रियेंत दगावण्याचें प्रमाण आज हजारांत एकाच्या आसपास आहे, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या जवळपासचें. परंतु ज्याचें माणूस आंत असतें त्याला हजार दिसत नाहींत, तो एकच दिसतो.

शुद्धीवर आल्यानंतर पहिली तक्रार असते ती मळमळीची, आणि आश्चर्य म्हणजे खांद्याच्या दुखण्याची. पोटांत उरलेल्या वायूनें श्वासपटलास त्रास होतो व त्याची वेदना खांद्यांत उमटते. हिंडल्याफिरल्यानें ती एकदोन दिवसांत ओसरते. त्याच संध्याकाळीं परिचारिकांनीं वहिनींना धरून उभें केलें व पांच पावलें चालविलें. आईंना हें क्रौर्य वाटलें. पण चालणें हेंच गुठळीवरचें पहिलें औषध. त्याबरोबर तीन चेंडूंचें एक लहानसें यंत्र देतात. त्यांतून श्वास आंत ओढून चेंडू वर उचलावयाचे, म्हणजे फुफ्फुसें पुरीं उघडतात. झोपेंतील श्वासाचें यंत्र रुग्ण घरीं वापरीत असेल तर तें बरोबर न्यावें.

शिऱ्याचा डबा

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाण्याचे घोट सुरू झाले. ३० मिलिलिटरचा लहानसा प्याला. तोही पंधरावीस मिनिटांत घोट घोट करून संपवावयाचा. दुपारीं आई आल्या. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. पिशवींतून त्यांनीं डबा काढला. त्यांत साजुक तुपांतला शिरा होता. "दोन दिवस पोर उपाशी आहे," त्या म्हणाल्या, "दोन घांसांनीं काय होतें? माझ्या समाधानासाठीं खा ग!"

परिचारिकेनें नम्रपणें डबा बाजूस ठेवला. आईंचा चेहरा उतरला. पन्नास वर्षें ज्या हातांनीं घराला वाढलें, त्या हातांस कोणी अडविण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग होता. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परंतु त्या हात पुढें करण्याच्या बेतांत होत्या, हें आम्हीं स्वतः पाहिलें. सासूचें मन मोडण्यापेक्षां टांके तुटलेले बरे, अशा वळणांत त्यांचें आयुष्य गेलें होतें.

तेवढ्यांत डॉक्टर आले. ते रागावले नाहींत. प्याला हातांत घेऊन म्हणाले, "आजी, आतां यांचें जठर नुकतेंच शिवलेलें आहे. ती शिवण भरून येईपर्यंत जड अन्न गेलें तर उलटी होईल, ताण पडेल. आणि शिवण सुटून आंतील रस पोटांत पसरला तर जिवावर बेतेल." आई कांहीं वेळ प्याल्याकडे पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे संध्येच्या पळीनें पांचसहा पळ्या." आणि दुसऱ्या दिवसापासून ती पळी रुग्णालयांत आली. दर पंधरा मिनिटांनीं सुनेच्या तोंडांत पळीपळीनें नारळाचें पाणी घालण्याचें काम आईंनीं स्वतःकडे घेतलें, आणि त्यांत आम्हां कोणास हात लावूं दिला नाहीं.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावें?

शिवण सुटण्याची आपत्ति क्वचित्‌, शंभरांत एकाच्या आसपास रुग्णांत घडते. पण ती बहुधा पहिल्या कांहीं आठवड्यांत, कधीं घरीं परतल्यावर येते. नाडी सतत मिनिटास १२० च्या वर राहणें, ताप, वाढती पोटदुखी, धाप, पोटरींत सूज व वेदना, काळी शौच, किंवा पाण्याचा घोटही न टिकणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास "उद्यां पाहूं" असें म्हणूं नये. रात्र असली तरी रुग्णालय गांठावें. पुष्कळ दिवस उलट्या होत राहिल्यास 'बी-१' जीवनसत्त्वाची उणीव होऊन मज्जातंतूंस अपाय होतो, हेंही ध्यानांत ठेवावें. मधुमेहाचें औषध पूर्वींच्याच मापानें चालूं ठेवूं नये. साखर पहिल्याच आठवड्यांत झपाट्यानें उतरूं शकते, म्हणून मात्रा डॉक्टरांकडून नव्यानें लिहून घ्यावी.

घरीं परतल्यावर

तिसऱ्या दिवशीं वहिनी घरीं आल्या. बहुतेक रुग्णालयांत दोन ते तीन दिवसच ठेवतात. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ : ताक, गाळलेलें वरणाचें पाणी, प्रथिनांची भुकटी घातलेलें दूध. त्यानंतर दोन आठवडे मऊ लगदा. मग मऊ अन्न. आणि सहा ते आठ आठवड्यांनीं साधें जेवण, तेंही वाटीच्या मापाचें. दिवसास किमान ६० ग्रॅम प्रथिनें हवींत. शाकाहारी घरांत हें सहज साधत नाहीं. म्हणून आधीं मूगडाळ, दही, पनीर, सोयाबीन, आणि मागाहून भात-पोळी, असा पानाचा क्रम उलटा करावा लागतो. जेवतांना पाणी पिऊं नये. अर्धा तास थांबावें. जीवनसत्त्वें, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या आजन्म घ्यावयाच्या, आणि शाकाहाऱ्यांनीं 'बी-१२' कडे विशेष लक्ष द्यावें. तिसऱ्याचौथ्या महिन्यांत केस गळतात. तें बहुधा तात्पुरतें असतें. मूल व्हावें अशी इच्छा असलेल्या स्त्रीनें वर्ष-दीड वर्ष थांबावें.

आज वर्षानंतर वहिनींचें वजन ७४ किलो आहे. मधुमेहाच्या तीन गोळ्यांपैकीं एक उरली आहे, आणि रात्रीं त्यांची झोप मोडत नाहीं. पुढेंही सर्व असेंच राहील असें डॉक्टरांनीं वचन दिलेलें नाहीं. पथ्य व हिंडणेंफिरणें सुटलें तर वजन पुन्हां चढूं शकतें, असें त्यांनीं स्पष्ट बजावलें आहे.

एकत्र कुटुंबांत माया दाखवावयाची ती पानांतून, ही आपली जुनी रीत. ती वाईट असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याच रीतीवर आपण सारे वाढलों. परंतु शस्त्रक्रियेचे तीन दिवस डॉक्टर सांभाळतात. त्यापुढचीं वर्षें सांभाळावयाचीं असतात घरानें, आणि तेथें एका प्रेमळ आग्रहानें सारें फुकट जाऊं शकतें. म्हणून ज्या घरीं अशी शस्त्रक्रिया ठरेल, तेथें पथ्याचा कागद रुग्णाच्या उशाशीं न ठेवतां स्वयंपाकघरांत लावावा, आणि वाढणारांनीं तो प्रथम वाचावा. गेल्या गणपतींत आमच्याकडे पंक्ति बसली, तेव्हां आईंनीं वहिनींच्या पानांत मोदकाचा चतुर्थांश वाढला, वर तुपाचा थेंब घातला, आणि दुसऱ्यांदा वाढावयास आलेल्या पाहुणीला म्हणाल्या, "तिला नको हो. तिचें जेवण झालें."