विरजणातील देणेघेणे

ताक, लोणी आणि चीज यांमागे राबणाऱ्या लॅक्टोकोकस लॅक्टिस या जीवाणूचे नवल असे की, दुधात जगण्याची त्याची मुख्य कौशल्ये बहुधा त्याच्या गुणसूत्रावर नसतातच. लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा, वापरण्याची आणि केसिन या दुधातील प्रमुख प्रथिनाचे तुकडे करणाऱ्या विकराची जनुके अनेकदा प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्रापासून वेगळ्या राहणाऱ्या आणि स्वतंत्रपणे दुणावणाऱ्या डीएनएच्या वर्तुळावर असतात. हे वर्तुळ हरवले तर पेशी मरत नाही, पण दूध विरजण्याच्या कामी ती जवळपास निरुपयोगी ठरते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात लॅरी मॅके यांच्या गटाने १९७० च्या दशकात या हरवण्यावरूनच प्लास्मिडचा माग काढला.

हरवलेले परत मिळण्याची एक वाट म्हणजे संयुग्मन, दोन जिवंत पेशींच्या प्रत्यक्ष स्पर्शातून होणारे डीएनएचे हस्तांतर. दाता पेशीतील रिलॅक्सेज हे विकर प्लास्मिडच्या दोन धाग्यांपैकी एकच धागा ठरावीक जागी कापते, कापलेल्या टोकाला चिकटून राहते आणि प्रथिनांनी बनलेल्या मार्गातून त्या धाग्यासह ग्राही पेशीत शिरते. तेथे त्याचा जोडधागा तयार होतो आणि दात्यातील उणीवही भरून निघते. देणाऱ्याचे काहीच घटत नसल्याने याला दानापेक्षा नक्कल उतरवून देणे म्हणणे अधिक नेमके.

एश्चेरिचिया कोलायकडे जोडीदाराला ओढून घेणारे केसासारखे तंतू असतात, तसे लॅक्टोकोकसकडे नसल्यामुळे पेशी एकमेकींना खेटलेल्या असणे येथे महत्त्वाचे ठरते, आणि म्हणून प्रयोगशाळेत दाता व ग्राही एकत्र करून घट्ट माध्यमावर वाढवतात. ब्रिटनमधील गॅसन आणि डेव्हिस यांना १९८० मध्ये ७१२ या वाणाचे काही वंशज द्रवातही गुठळ्या करताना आणि लॅक्टोजचे प्लास्मिड कित्येक पटींनी अधिक वेळा देताना आढळले. पेशींना असे चिकटवणारे पृष्ठभागावरील प्रथिन पुढे ‘क्लूए’ म्हणून ओळखले गेले.

चीज कारखान्यांना याची खरी गरज भासली ती जीवाणुभक्षक विषाणूंमुळे, कारण त्यांच्या एका लागणीने आख्ख्या टाकीतील दूध आंबायचे थांबते. १९८० च्या दशकात अमेरिकेतील क्लेनहॅमर आणि सहकाऱ्यांनी विषाणूरोधक गुण असलेले पीटीआर२०३० हे प्लास्मिड संयुग्मनाने झपाट्याने आम्ल करणाऱ्या वाणांत उतरवले. बाहेरून जोडलेला डीएनए त्यात नसल्याने ही रीत उद्योगाला सोयीची ठरली. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशातही, मुळात जनुकीय फेरबदल न केलेल्या जीवांमधील संयुग्मन जनुकीय फेरबदलात मोडत नाही.