पेटंट परीक्षक बॅटरीत नेमकं काय शोधतो?

जर्नलचा रिव्ह्यूअर आणि पेटंट ऑफिसचा परीक्षक ही एकाच कामाची माणसं आहेत, असा आपल्यापैकी बऱ्याच जणांचा समज असतो. दोघंही आपलं लिखाण वाचतात, दोघंही खुसपटं काढतात आणि दोघांच्या उत्तराची वाट बघण्यात महिने जातात. पण दोघांचे प्रश्न वेगळे असतात. रिव्ह्यूअर विचारतो, हे खरं आहे का आणि छापण्याइतकं महत्त्वाचं आहे का? परीक्षक विचारतो, तुम्ही ज्या जमिनीला कुंपण घालताय ती आधीच कोणाची, किंवा सगळ्या गावाची, नाही ना?

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला ओढा, असं. पेटंटच्या अर्जात हे काम 'क्लेम' करतात. बाकीची पंचवीस-तीस पानं, म्हणजे पार्श्वभूमी, आकृत्या, प्रयोग, एक्सआरडीचे आलेख, ही सगळी क्लेमला आधार द्यायला असतात. हक्क मिळतो तो क्लेमच्या शब्दांवर. म्हणून परीक्षक एकेक क्लेम सुटा करून त्यातला प्रत्येक शब्द जुन्या साहित्यावर घासून बघतो.

हे कोरडं वाटू नये म्हणून एक खरी बॅटरी घेऊ. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. आज इलेक्ट्रिक रिक्षा, बस, घरातले इन्व्हर्टर, कितीतरी गाड्या यांत हेच कॅथोड असतं. १९९७ मध्ये पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी टेक्सास विद्यापीठातून यावरचा पेपर जर्नल ऑफ द इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीत छापला. त्याच कामावरचं अमेरिकी पेटंट क्रमांक ५,९१०,३८२. त्याचा अर्ज एप्रिल १९९७ चा, त्याआधीचा तात्पुरता म्हणजे प्रॉव्हिजनल अर्ज २३ एप्रिल १९९६ चा, आणि मंजुरी जून १९९९ ची. पेपर आणि पेटंट शेजारी ठेवून वाचा. एकच काम दोन वेगळ्या भाषांत कसं सांगतात, हे एका बैठकीत कळतं.

पहिली अडचण अगदी सुरुवातीलाच आहे. हा पदार्थ त्यांनी निर्माण केलेला नाही. ट्रिफिलाइट नावाचं खनिज निसर्गात सापडतं आणि ते एकोणिसाव्या शतकापासून खनिजशास्त्रज्ञांना माहीत आहे. रासायनिकदृष्ट्या ते हेच, फक्त लोखंडाच्या जागी थोडं मँगनीज मिसळलेलं. म्हणजे 'लिथियम आयर्न फॉस्फेट हा पदार्थ आमचा' असा क्लेम कोणी लिहिला असता, तर परीक्षकाने खनिजशास्त्राचं एखादं जुनं पुस्तक काढून तो पहिल्याच फेरीत उडवला असता. पेटंटमधला क्लेम तसा नाही. तो पुनर्भारित होणाऱ्या सेलच्या कॅथोड पदार्थावर आहे. सेलमध्ये ॲनोड आहे, इलेक्ट्रोलाइट आहे आणि कॅथोडमध्ये ऑलिव्हिन रचनेचं हे संयुग आहे, असा तो जोडून लिहिलाय. खनिज जुनं, पण त्यातून लिथियम बाहेर काढून परत आत घालायचं आणि त्यावर सेल चालवायचा, हे नवं.

आता हाच क्लेम आपल्या परीक्षकापुढे आला असता तर? (हा फक्त सराव आहे हं, असा निकाल कुठे झालाय असं मी म्हणत नाही.) भारतीय पेटंट कायदा, १९७० यात कलम ३ आहे. कशाला 'शोध' म्हणायचं नाही, याची ती यादी. त्यातलं ३(सी) निसर्गात आढळणाऱ्या पदार्थाचा नुसता शोध वगळतं आणि ३(डी) ज्ञात पदार्थाचा नुसता नवा गुणधर्म किंवा नुसता नवा उपयोग वगळतं. ३(डी) म्हटलं की सगळ्यांना औषधं आठवतात, कारण नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेकचा सर्वोच्च न्यायालयातला २०१३ चा निकाल त्यावरच होता. पण हे कलम औषधांपुरतं नाही. मटेरियल सायन्सवाल्यांना ते बरोबर गाठतं. 'माहीत असलेलं ऑक्साइड, आम्ही ते सोडियम बॅटरीत वापरून पाहिलं', एवढंच तुमच्या अर्जात असेल तर आक्षेप येणारच. तो टाळायचा असेल तर नवं काय आहे ते पदार्थात, रचनेत किंवा प्रक्रियेत दाखवावं लागतं. लेप, कणांचा आकार, इलेक्ट्रोडची घडण, कुठेतरी. 'उपयोग नवा आहे' हे वाक्य एकटं पुरत नाही.

दुसरी परीक्षा 'इन्व्हेंटिव्ह स्टेप'ची. गोष्ट नवी आहे हे मान्य, पण या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का? माझ्या मते सगळ्यात मजेचा भाग हाच. एलएफपीच्या बाबतीत मी परीक्षक असतो तर काय विचारलं असतं, हे मी एकदा लिहून काढलं होतं. लोखंडाच्या साध्या ऑक्साइडमध्ये व्होल्टेज हवं तसं मिळत नाही. पण गुडइनफ आणि मंथिराम यांनीच १९८०च्या दशकाच्या शेवटी दाखवलं होतं की सल्फेटसारखा बहुअणू ऋण आयन चौकटीत असेल तर लोखंडाचं व्होल्टेज ३.६ पर्यंत चढतं. मग सल्फेटनंतर फॉस्फेट घेऊन बघणं यात कसला शोध?

अर्जदाराच्या बाजूने उत्तर असं देता येईल. सल्फेटची ती चौकट मोकळी आहे, लिथियमला तिच्यात तिन्ही दिशांनी वाटा आहेत. ऑलिव्हिन मात्र दाटीवाटीची रचना. तिच्यात लिथियमला जायला जवळजवळ एकाच दिशेची बोळं आहेत, आणि इलेक्ट्रॉन वाहून नेण्यात हा पदार्थ अगदीच मंद. अशा दगडात लिथियम जाईल आणि परत येईल, अशी अपेक्षा जाणकाराने ठेवली नसती. तरीही ते झालं, ३.४-३.५ व्होल्टला. लक्षात घ्या, इथे पदार्थाचा वाईट गुणधर्मच अर्जदाराच्या कामी येतो. पेपरच्या प्रस्तावनेत आपण लिहितो, 'अलीकडच्या संशोधनावरून हा पदार्थ आशादायक वाटत होता, म्हणून आम्ही तो घेतला.' तिथे ते शोभतं. पेटंटच्या मजकुरात तेच वाक्य गेलं, तर हे सहज सुचण्यासारखं होतं असं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलंत. गाइडला ही गोष्ट पटवायला मला चहाचे दोन कप लागले होते.

तिसरा मुद्दा क्लेमच्या रुंदीचा. त्याकडे संशोधक विद्यार्थ्यांचं सगळ्यात कमी लक्ष असतं, असा माझा अनुभव आहे. या पेटंटमधला क्लेम लोखंडापुरता नाही. सूत्रात लोखंडाच्या जागी 'एम' आहे आणि एम म्हणजे पहिल्या ओळीतला कोणताही संक्रमण धातू. मँगनीज, कोबाल्ट, निकेल, सगळे आले. आता १९९७ च्या पेपरचा गोषवारा बघा. तिथे लेखक सरळ सांगतात की मँगनीज, कोबाल्ट आणि निकेलच्या शुद्ध फॉस्फेटमधून, त्यांनी वापरलेल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, लिथियम विद्युत-रासायनिक मार्गाने काढता आलं नाही. लोखंडातूनही सूत्रामागे सुमारे ०.६ लिथियमच निघालं आणि क्षमता मिळाली ग्रॅममागे १०० ते ११० मिलिॲम्पिअर-तास. सैद्धांतिक आकडा १७० चा आहे.

म्हणजे पेपर सांगतो कुठवर पोचलो, आणि क्लेम सांगतो कुठवर आमचं. दोन्हींत अंतर असणं गैर नाही. वकील क्लेम रुंदच लिहिणार, ते त्यांचं कामच आहे. पण परीक्षकाला विचारायचा पूर्ण हक्क आहे की, एवढ्या रुंद कुंपणातली सगळी जमीन तुम्ही चालून बघितली का? आपल्याकडे कलम १० प्रमाणे शोधाचं पूर्ण वर्णन आणि तो अमलात आणण्याची तुम्हाला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत द्यावी लागते. तीन रचनांचा डेटा आणि क्लेममध्ये 'शून्य ते एकच्या मधली कोणतीही किंमत' असं असेल, तर आक्षेपाची तयारी ठेवा. आणि डेटा गोळा करतानाच दोन्ही टोकांचे आणि मधले नमुने घेऊन ठेवा. अर्ज दाखल झाल्यावर नवा मजकूर त्यात घुसडता येत नाही.

आता तारखा. इथे खरं नुकसान होतं, म्हणून जरा थांबून वाचा. वर सांगितलं की प्रॉव्हिजनल अर्ज २३ एप्रिल १९९६ चा. याच पदार्थावरचा याच गटाचा गोषवारा इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीच्या मे १९९६ च्या अधिवेशनाच्या पुस्तिकेत आहे. मधे जेमतेम दोन-तीन आठवडे. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्षाची सवलत असते, त्यामुळे तिथे जीव टांगणीला लागत नाही. युरोपात ही सवलत जवळजवळ नाहीच. तिथे अर्जाच्या आदल्या दिवशी जरी तुमचं काम लोकांना उपलब्ध झालेलं असलं, तरी तुमचाच गोषवारा तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. आणि 'उपलब्ध' म्हणजे तुम्ही बोलायला उभे राहिलात तो दिवस नाही. पुस्तिका, पीडीएफ किंवा पोस्टर ज्या दिवशी बाहेरच्या माणसाला मिळू शकलं तो दिवस.

आपल्याकडे कलम ३१ मध्ये थोडी सवलत आहे. विद्वत्संस्थेपुढे वाचलेला किंवा तिच्या कार्यवृत्तात छापलेला निबंध असेल तर बारा महिन्यांत अर्ज करता येतो. पण जर्नलमधल्या कुठल्याही पेपरवर हे पांघरूण घालता येईल असं गृहीत धरू नका. थीसिस शोधगंगेवर चढला की तो जगजाहीर झाला. खुल्या मौखिक परीक्षेत, जिथे विभागातलं आणि बाहेरचं कोणीही येऊन बसू शकतं, तिथे दाखवलेल्या स्लाइडचाही विचार करा. क्रम साधा आहे: आधी प्रॉव्हिजनल, मग पोस्टर. प्रॉव्हिजनल दाखल केल्यावर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात.

याच पदार्थाच्या गोष्टीत तारखांवरून एक कडू प्रकरणही झालं. जपानच्या एनटीटी कंपनीचा एक संशोधक टेक्सासच्या प्रयोगशाळेत पाहुणा म्हणून काम करत होता. पुढे एनटीटीने जपानमध्ये याच प्रकारच्या पदार्थांवर अर्ज केला, तोही १९९५ मध्ये, म्हणजे टेक्सासच्या आधी. गोपनीय माहिती बाहेर गेली असा आरोप करत विद्यापीठाने २००१ मध्ये दावा लावला. २००८ मध्ये समझोता झाला आणि एनटीटीने ३ कोटी डॉलर दिले. कोण किती चुकलं यावर मी बोलणार नाही. पण प्रयोगवहीच्या प्रत्येक पानावर तारीख आणि साक्षीदाराची सही घ्यायला सांगतात ती कशासाठी, हे यावरून उमजतं.

मंजुरी मिळाली म्हणजे संपलं असंही नाही. अमेरिकेत ए१२३ या कंपनीच्या मागणीवरून २००६ नंतर हे पेटंट पुन्हा तपासलं गेलं. हायड्रो-क्वेबेक आणि ए१२३ यांच्यातला वाद २०११ मध्ये समझोत्याने मिटला. युरोपातलं त्याच कुटुंबातलं पेटंट मात्र विरोध दाखल झाल्यावर २००८च्या अखेरीस रद्द झालं. एकच शोध, दोन खंड, दोन निकाल.

आपल्याकडची वाट थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे जातात. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. पण परीक्षण आपोआप सुरू होत नाही, त्यासाठी फॉर्म १८ भरून वेगळी विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे, आधी ती ४८ होती. ही मुदत चुकली की अर्ज मागे घेतल्यासारखाच धरतात. मग येतो पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर. उत्तराला सहा महिने, विनंती केल्यास आणखी तीन. गरज पडली तर सुनावणी. मंजुरीच्या आधी कोणीही विरोध नोंदवू शकतं.

एफईआर पहिल्यांदा हातात आला की पोटात गोळा येतो. त्यात जवळपास सगळे क्लेम नाकारलेले दिसतात. 'मेजर रिव्हिजन'सारखंच ते धरा. परीक्षक डी१, डी२ अशी नावं देऊन जुनी कागदपत्रं समोर ठेवतो आणि सांगतो की डी१ मध्ये लेप आहे, डी२ मध्ये कणांचा आकार आहे, दोन्ही एकत्र करणं जाणकाराला सहज जमलं असतं. उत्तर देताना रागाने 'आमचं काम वेगळं आहे' एवढं लिहून भागत नाही. डी१ मधला लेप देऊन कण लहान केले तर प्रत्यक्षात काय होतं, क्षमता पडते का, चक्रांमागे किती घसरण होते, याचे तुलनेचे आकडे लागतात. असा तुलनात्मक प्रयोग आपण पेपरसाठी बहुधा करत नाही, कारण रिव्ह्यूअर तो मागत नाही. पेटंटसाठी तोच सगळ्यात मोलाचा.

पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावर इनपास नावाची शोधसोय फुकट आहे. तिथे 'लिथियम सेकंडरी बॅटरी' असे शब्द टाकून एखादा निकाली निघालेला अर्ज उघडा. मूळ क्लेम, एफईआर, अर्जदाराचं उत्तर आणि शेवटी मंजूर झालेला क्लेम, या क्रमाने वाचा. पहिल्या आणि शेवटच्या क्लेममध्ये कोणते शब्द वाढले ते पेन्सिलने अधोरेखित करा. बहुतेक वेळा एखादी टक्केवारीची मर्यादा किंवा एखादी जाडी घुसलेली दिसेल. ती कुठल्या डी-कागदाला चुकवण्यासाठी घातली, ते शोधायला एक दुपार पुरते.