परसांतील शेणवायूची विहीर

गेल्या चैत्रांत आमच्या तिवशाच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. परसांतील शेणवायूची जुनी विहीर बुजवून तेथें मोटारीसाठीं छप्पर घालावें, असें पुतण्याचें म्हणणें. ती पुन्हां चालू करावी, असें माझें. तेव्हां सूनबाई म्हणाल्या, "काका, ती चालते कशी, हें तरी आधीं सांगा." त्यांस सांगितलें तेंच वाचकांपुढें ठेवितों.

शेण व पाणी समभाग कालवून हवाबंद विहिरींत सोडलें, म्हणजे प्राणवायूवांचून जगणारे सूक्ष्म जंतु त्याचें विघटन करूं लागतात. कांहीं जंतु त्यापासून आम्लें बनवितात. दुसरे त्या आम्लांपासून मिथेन निर्माण करितात. निघणाऱ्या वायूंत शेंकडा ५५ ते ६५ भाग मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. या जंतूंस ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. म्हणून पौषांत शेगडी मंदावते. विहिरींतून बाहेर पडणारी रबडी हें उत्तम खत होय. शेण जाळलें तर त्यांतील नत्र धुरावाटे जातें, येथें तें शेतास मिळतें.

ही विद्या आजकालची नव्हे. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत १८९७ सालीं मैल्याच्या वायूवर दिवे लाविले होते. पुढें जशभाई पटेल यांनीं तरंगत्या लोखंडी टोपीची रचना सिद्ध केली व १९६२ पासून खादी आयोगानें तिचा प्रसार केला. टोपी गंजते, हा तिचा दोष. १९८४ सालच्या 'दीनबंधु' रचनेंत विटांचा घुमट आला. देहूस डॉ. मापुसकर यांनीं तर शौचालयेंच अशा संयंत्रास जोडलीं. त्या वायूवर नैवेद्य रांधावा काय, असें आमच्या वडील मंडळीस विचारलें असतें, तर काय गहजब झाला असता! वास्तविक ज्वाळेस विटाळ कोठला?

आमची विहीर मोडली ती मात्र सोवळ्यामुळें नव्हे. १९८५ सालीं ती बांधिली, तेव्हां गोठ्यांत सहा जनावरें होतीं. तत्पूर्वीं आई पऱ्हाट्या-तुराट्या व गोवऱ्यांवर सारा स्वयंपाक करी. तिचे डोळे सदा लाल असत. निळी ज्योत पाहून ती बराच वेळ चुलीपुढून उठलीच नाहीं. पुढें वांटण्या झाल्या, बैल विकले गेले, टाकींत शेण पडेना. आम्हां भावांच्या भांडणांत ती विहीर आटली, हें कबूल केलें पाहिजे.

सूनबाईंनीं सारें ऐकून घेतलें व विचारलें, "रोज सकाळीं शेण कालवायचें कोणी?" मला उत्तर सुचलें नाहीं. आईच्या काळीं तें काम आईच करी, हें मीं सोयीस्कर विसरलों होतों.

"मी कालवीन," असें शेवटीं पुतण्याच म्हणाला. मीं त्यास आधीं शेण तोलावयास सांगितलें. किलोभर ताज्या शेणापासून सुमारें ४० लिटर वायु निघतो. आमच्या दोन घनमीटरच्या विहिरीस रोज ५० किलो शेण हवें. दोन गाई व एक कालवड मिळून आठ दिवसांत रोजचें २२ ते २४ किलोच भरलें. तेव्हां जुनी विहीर बुजणार, हें मीं मान्य केलें आहे. तिच्या शेजारीं एक घनमीटरचें लहान संयंत्र बसवावयाचें ठरलें असून, मोटारीचें छप्पर दोन हात अलीकडे सरकलें आहे.