स्तनांतील गाठ आणि घरांतील विलंब

‘दुखत नाहीं, मग डॉक्टरांकडे कशास जावयाचें?’ असें म्हणून आमच्या घरांत पुष्कळ विकार अंगावर काढले जातात. स्तनाच्या कर्करोगांत ही रीत प्राणघातक होय; कारण त्याची गाठ आरंभीं बहुधा दुखतच नाहीं. सुश्रुतानेंही अर्बुद हें मंद वेदनेचें, सावकाश वाढणारें व न पिकणारें असेंच वर्णिलें आहे.

त्यांत लज्जेची भर. सून ही गोष्ट सासूबाईंसही सांगत नाहीं. सांगितलीच, तर लेप, काढे आणि घरचें लग्नकार्य यांत महिने लोटतात. सुईनें तपासल्यास रोग पसरतो, ही भीतीही निराधार आहे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं दीड लाखांवर स्त्रियांच्या दोन गटांचा अभ्यास आरंभिला. एका गटांतील स्त्रियांची शिकविलेल्या सेविकांनीं दर दोन वर्षांनीं केवळ हातांनीं स्तनतपासणी केली. वीस वर्षांनंतर, पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू दुसऱ्या गटापेक्षां सुमारें ३० टक्क्यांनीं कमी आढळले.

म्हणून वडीलधाऱ्यांस विनंती कीं, गाठ असल्याचें कळतांच, घरचें कार्य पुढें ढकलावें लागलें तरी, तिला प्रथम शल्यचिकित्सकाकडे न्यावें. वेळीं उपचार झाल्यास हा रोग बहुधा बरा होतो.