बेचक्याच्या काठीवरचं राष्ट्रीय उद्यान

यशवंती घोरपडीच्या कथेवर वाढलेल्या माणसाला संपादकांनी कोमोडोला पिटाळलं, ते योग्यच केलं. आपली घोरपड आणि इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन एकाच ‘वॅरानस’ प्रजातीतले, म्हणजे भाऊबंदच. फक्त हा भाऊबंद ३ मीटरपर्यंत वाढतो, वजनाला ७० किलोच्या घरात जातो आणि अख्खं हरीण फाडून खातो. तिथले लोक त्याला ‘ओरा’ म्हणतात.

सरकारी इतिहास थोडक्यात आटपतो. सुंबावा आणि फ्लोरेस यांच्यामध्ये कोमोडो, रिंचा आणि पादार ही तीन मुख्य बेटं. १९१२ साली पीटर ओवेन्स यांनी या प्राण्याची शास्त्रीय नोंद केली, १९८० साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९१ साली जागतिक वारशाचा शिक्का बसला. फ्लोरेसवरच्या लाबुआन बाजोहून बोटीनं निघालं की सामुद्रधुनीत पाणी भोवऱ्यासारखं फिरताना दिसतं. पॅसिफिकचं पाणी इथून हिंदी महासागरात उतरतं, आणि त्या ओढीबरोबर येणाऱ्या अन्नावर प्रवाळ, शार्क आणि मोठमोठ्या मांटा रे पोसल्या जातात. पाणबुड्यांचा जीव त्यातच गुंतलेला असतो. माझा जमिनीवर गुंतला.

कोमोडो बेटावर लोह लियांगच्या चौकीवर आमचा वाटाड्या आला तो हातात बेचक्याची काठी घेऊन. बंदूक नाही. ओरा अंगावर आलाच तर बेचकं मानेशी टेकवून त्याला रेटायचं, एवढीच शस्त्रविद्या. चिंच, बोर आणि ताड पाहून मला आपल्याच एखाद्या उघड्या माळावर आल्यासारखं वाटत होतं. बाकीचे सावलीत पसरलेल्या धुडाचे फोटो काढत होते. वाटाड्यानं मला बाजूला घेऊन पाचोळ्या-मातीचा एक ढीग दाखवला.

हा ढीग घालतो नारिंगी पायांचा, कोंबडीएवढा एक पक्षी. तो अंड्यांवर बसत नाही. कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर अंडी सोडून देतो. ओराची मादी हे आयतं बिऱ्हाड बळकावते. सप्टेंबरच्या सुमाराला पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त अंडी घालते, आणि आजूबाजूला फसवे खड्डे उकरून ठेवते, कारण अंडी शोधत येणाऱ्यांत तिचेच जातभाई असतात. वाटाड्यानं काठीच्या टोकानं एकेक खड्डा दाखवला आणि म्हणाला, “यातला खरा कोणता, ते मलाही सांगता यायचं नाही.” काही महिने मादी राखण करते आणि मग निघून जाते. आठ-नऊ महिन्यांनी दीड-दोन वीत लांबीची पिल्लं बाहेर पडतात, ती थेट झाडावर चढतात. खाली राहिली तर मोठे ओरा त्यांना गिळतात. पहिली काही वर्षं त्यांचा मुक्काम झाडावरच.

चाव्याचं कोडंही मजेदार आहे. लाळेतल्या घाणेरड्या जंतूंनी सावज मरतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २००९ साली जबड्यात विषग्रंथी असल्याचं दाखवून देण्यात आलं: त्या विषानं रक्त गोठत नाही, रक्तदाब कोसळतो. दातांच्या धारेवर लोहाचा नारिंगी थर असतो, हे तर २०२४ साली प्रसिद्ध झालं.

कोमोडो गाव उद्यानाच्या हद्दीतच आहे, उद्यानाच्या कितीतरी आधीपासून. एका राजकन्येला जुळं झालं, एक माणसाचं पोर आणि एक ओरा, अशी गावाची दंतकथा. त्यामुळे ओरा तिथे नात्यातला. पूर्वी हरणाची शिकार झाली की ओराचा वाटा बाजूला ठेवत. आता शिकारीला बंदी, आणि तो वाटाही बंद. २००९ साली सीताफळं काढायला गेलेला एक मच्छीमार झाडावरून पडला आणि ओरांच्या तोंडी गेला. नातं असं आहे. तरीही २०१९ साली बेट बंद करून गावच हलवण्याची भाषा सुरू झाली. ती पुढे बारगळली, पण धास्ती गेली नाही.

मग २०२० साली रिंचावर पर्यटनाचं बांधकाम निघालं. ट्रकसमोर उभ्या ठाकलेल्या ओराचा फोटो जगभर फिरला. २०२२ साली प्रवेशाचे ३७ लाख ५० हजार रुपिया, म्हणजे आपले वीस हजारांच्या आसपास, ठरवले गेले. लाबुआन बाजोतल्या पर्यटन कामगारांनी संप केला आणि दरवाढ मागे घ्यावी लागली. गर्दी कमी व्हायला हवी, हे मलाही पटतं. पण पैसेवाल्यांनाच आत सोडणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

त्याहून मोठं संकट समुद्राचं. २०२१ साली ओरा ‘संकटग्रस्त’ यादीत गेला. तापमान आणि पाण्याची पातळी वाढून त्यापुढच्या ४५ वर्षांत त्याची राहण्याजोगी जागा निदान ३० टक्क्यांनी घटेल, असा अंदाज आहे. पादारवरचे ओरा तर १९७० च्या दशकातच संपले होते. त्याला कारण समुद्र नव्हता: माणसांनी चोरून हरणं मारली आणि ओरांना खायला उरलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर वाटाड्या कोमोडो गावातलाच मागा, आणि लाकडी ओरा घ्यायचा तर तोही तिथल्या कारागिराकडूनच घ्या. शिकार सोडायला लावलेल्या त्या गावाची चूल आता यावरच पेटते.