बिअरचं विरजण: एकच यीस्ट पुन्हा पुन्हा कसं वापरतात आणि त्यात फोन कुठे येतो?

मी पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत काम करतो. गेल्या मे महिन्यात आम्ही ५०० लिटर बिअर गटारात ओतली. कारण एकच, मी जुनं यीस्ट न तपासता वापरलं. ती चूक नेमकी काय होती, ते आज सोप्या भाषेत बघूया.

यीस्ट म्हणजे काय?

यीस्ट हा एकपेशीय जीव आहे. तो धान्यातली साखर खातो आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतो. हे करताना तो स्वतःही वाढतो. एका बॅचच्या शेवटी साधारण तीन ते पाच पट यीस्ट हातात येतं. मग दर वेळी नवीन पाकीट कशाला फोडायचं? आजी दही संपायच्या आधी वाटीभर विरजण बाजूला काढते ना, अगदी तसंच.

ते काढतात कसं?

१. आंबवणं पूर्ण झालं की टाकी थंड करतात. यीस्ट खाली शंकूसारख्या तळाशी बसतं.
२. खालचा व्हॉल्व्ह उघडल्यावर आधी तपकिरी गाळ येतो. त्यात मेलेल्या पेशी आणि हॉप्सचा चोथा असतो. तो टाकून द्यायचा.
३. मग येतं दाट, सायीच्या रंगाचं यीस्ट. हेच आपल्याला हवं.
४. निर्जंतुक भांड्यात भरून १ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवायचं. झाकण घट्ट लावायचं नाही, कारण गॅस साठला तर भांडं फुटू शकतं.
५. शक्यतो आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत वापरायचं.

माझं काय चुकलं? यीस्ट तीन आठवडे जुनं होतं आणि मधे लाइट जाऊन फ्रीज बंद पडला होता. वास ठीक वाटला म्हणून मी ते ओतून मोकळा झालो. आंबवणं रेंगाळलं, तेवढ्यात बॅक्टेरियांनी डाव साधला आणि बिअर आंबट झाली. उरलेलं यीस्ट नंतर तपासलं, तर निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या!

आता फोनची गोष्ट

यीस्टच्या थेंबात मिथिलिन ब्लू मिसळायचं. जिवंत पेशी हा रंग टिकू देत नाहीत, म्हणून त्या पांढुरक्या दिसतात. मेलेल्या निळ्या होतात. मी फोनचा कॅमेरा मायक्रोस्कोपच्या आयपीसला टेकवून फोटो काढतो आणि गॅलरीतल्या मार्कअपने एकेका पेशीवर टिक करत मोजतो. डोळा लावून मोजताना गोंधळ व्हायचा, फोटोत होत नाही. शिवाय रेकॉर्ड राहतो.

२०० पैकी २० निळ्या असतील तर ९० टक्के जिवंत. याच्या खाली गेलं की मी ते यीस्ट वापरत नाही.

किती घालायचं, याचंही गणित आहे. आमच्या ५०० लिटरच्या नेहमीच्या बॅचला अंदाजे ६ लिटर दाट यीस्ट लागतं. ९० टक्केच जिवंत असेल तर ६ भागिले ०.९, म्हणजे जवळपास ६.७ लिटर. फोनवरचं साधं कॅल्क्युलेटर पुरतं.

पण लक्षात ठेवा, निळा रंग फक्त मेलेलं यीस्ट दाखवतो, बॅक्टेरिया नाही. त्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते.

किती वेळा वापरायचं?

आम्ही आठव्या वेळेनंतर थांबतो. प्रत्येक फेरीत थोडे बदल, थोडी घाण साठत जाते आणि चव सरकते. मग नवीन, शुद्ध यीस्टपासून सुरुवात. शुद्ध यीस्ट वेगळं करून वाढवायची पद्धत १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी बसवली.

असे शुद्ध जीव जपून ठेवणारी बँक आपल्या पुण्यातच आहे! पाषाणच्या एनसीएलमधला एनसीआयएम हा संग्रह १९५१ पासून उद्योगाला लागणारे बॅक्टेरिया, बुरशी, यीस्ट सांभाळतो. फोनच्या फोटोंचा क्लाउडवर बॅकअप असतो ना, तसा हा सूक्ष्मजीवांचा बॅकअप समजा.

घरी करून बघू का?

बिअर नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय ती बनवणं गुन्हा आहे. पण यीस्ट बघायला कोण अडवतंय? बेकरीचं कोरडं यीस्ट चिमूटभर साखरेसोबत कोमट पाण्यात टाका, दहा मिनिटं थांबा. फोल्डस्कोप नावाचा कागदी मायक्रोस्कोप फोनला जोडता येतो, त्यातून एक थेंब बघा. दाण्यांसारख्या पेशी दिसतील, काहींना छोटी कळीही फुटलेली असेल. तीच त्यांची पुढची पिढी.

आणि माझ्यासारखं नुसत्या वासावर विसंबू नका. आधी बघा, मोजा, मगच ओता.