ठग आणि डिटेक्टिव्ह, एकाच घरचे

तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटहून सोलापूरच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात नळदुर्ग येतं. १८५३ मध्ये निजामाशी झालेल्या तहानंतर या मुलखाचा कारभार पाहायला फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गला आला. तोवर लेखक म्हणून त्याचं नाव झालेलं होतं. रुमालाचा फास टाकून वाटसरूंचे जीव घेणाऱ्यांवरची त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्येच लंडनला गाजली होती. ठग हा शब्द इंग्रजीत आधीही तुरळक फिरत होता, टेलरने तो घराघरांत पोचवला.

तिकडे गेल्यावर मात्र शब्दाचा स्वभावच पालटला. आपल्याकडे ठग म्हणजे गोड बोलून गंडवणारा. भिशीचे पैसे घेऊन पसार झालेला इसम ठगच, मग त्याने जन्मात कुणावर हात उगारलेला नसो. इंग्रजीतला ‘थग’ हा सरळ गुंड. त्याला गोड बोलायची गरजच पडत नाही! भिशीवाल्याला इंग्रजीत थग म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, त्याने लोकांना बडवून पैसे काढले. तिथे ‘स्विंडलर’ हवा.

आता जरा खाली खणू. ठगाचं मूळ संस्कृतातल्या ‘स्थग्’ धातूत सांगतात. अर्थ झाकणे, लपवणे. सभा ‘स्थगित’ होते तीही याच धातूने. भाषेचे अभ्यासक त्याचं नातं लॅटिनमधल्या ‘तेगेरे’ या क्रियापदाशी जोडतात, त्याचाही अर्थ झाकणेच. त्यातून आला ‘प्रोटेक्ट’, म्हणजे पुढे आडोसा धरणे. आणि ‘डिटेक्ट’, म्हणजे झाकण काढणे. खरं रूप झाकणारा ठग आणि ते उघडं पाडणारा डिटेक्टिव्ह ही एकाच धातूची लेकरं! एवढं लक्षात आलं की ‘डिटेक्ट’ कुठे वापरायचा हे वेगळं घोकावं लागत नाही. जे दडलेलं असतं तेच डिटेक्ट होतं: भिंतीतली गळती, रिपोर्टमधली गाठ, बोलण्यातला खोटेपणा. टेबलावर समोर पडलेली किल्ली डिटेक्ट होत नाही, ती नुसती दिसते.

परीक्षेसाठी शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत, पण यादीत शब्द बिचारा एकटा असतो. त्याचे भाऊबंद दिसत नाहीत आणि त्याचं उठणं-बसणं कुणाबरोबर आहे तेही कळत नाही.

बैलांच्या मानेवरचं जू घ्या. संस्कृतात युग, लॅटिनमध्ये ‘युगुम’, इंग्रजीत ‘योक’. जुळणं, जोडी, योग हा सगळा गोतावळा एकच. रोमन लोक हरलेल्या सैनिकांना भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावत: दोन भाले उभे, एक आडवा. त्या जुवाखाली आणण्यातून ‘सब्जुगेट’ हा शब्द आला. म्हणून तो देशाला, समाजाला, दबलेल्या माणसांना लागतो. शेजाऱ्याला पत्त्यांत हरवलंत तर तिथे तो शोभत नाही.

त्याच जुवाला दोन जीव जोडले की होतं ‘कॉन्जुगल’, नवरा-बायकोच्या नात्याचं. हा शब्द महाराष्ट्रात गाजला तो कोर्टात. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात पत्नी रखमाबाईंवर ‘कॉन्जुगल राइट्स’साठी दावा लावला. लग्न झालं तेव्हा रखमाबाई लहान होत्या, त्या नांदायला जायला तयार नव्हत्या. १८८७ मध्ये निकाल लागला: नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. या खटल्यात ‘कॉन्जुगल’ आणि ‘सब्जुगेट’ हे सख्खे भाऊ किती जवळ उभे होते, ते रखमाबाईंइतकं कुणाला कळलं असेल?

‘कॉन्जुगल’ची संगत आजही ठरलेली: राइट्स, लाइफ, ब्लिस. कायद्याच्या किंवा जडशा लिखाणाबाहेर तो फारसा पडत नाही. इंग्रजीला असे भारदस्त शब्द एवढे कुठून मिळाले? १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबार आणि कचेरी फ्रेंचमध्ये चालू लागली, विद्या लॅटिनमध्ये होतीच, शेत आणि चूल मात्र जुन्या इंग्रजीत राहिली. म्हणून दाताला घरात ‘टूथ’ आणि दवाखान्याच्या पाटीवर ‘डेंटल’.

मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. आपला दात दुखतो, दंत दुखत नाही. पण त्याच दातासाठी आपण दंतवैद्याकडे जातो, दातवैद्याकडे नाही. पाहुण्याला पाणी देतो, आणि पाण्याच्या खात्याला जलसंपदा म्हणतो. कुठे कोणता शब्द हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी चुकत नाही. इंग्रजीतला नवा शब्द भेटला की पहिल्यांदा एवढंच विचारावं, हा दाताच्या बाजूचा की दंताच्या?